जुना कागद टाकू नका

वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती आहेत. त्यातल्या काही पाडून त्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. इमारत पाडायची म्हणजे घर रिकामे करावे लागते. भांडी, गाद्या, कपडे बांधून झाले, की शेवटी माळ्यावरची ट्रंक खाली उतरते.

ट्रंकेत काय असते? गावाहून आलेली पोस्टकार्डे असतात. लग्नातला एक पिवळा पडलेला फोटो असतो. गिरणीतली पगाराची चिठ्ठी असते. आजोबांचा शाळेचा दाखला असतो. जुन्या वर्तमानपत्राचे एखादे कात्रण असते. घरातली तरुण मंडळी म्हणतात, “एवढा कचरा कुठं न्यायचा? रद्दीवाल्याला बोलवा.” रद्दीवाला येतो. काटा लावतो. दोन किलो कागद जातात आणि हाती थोडे पैसे येतात.

पण थांबा. त्या दोन किलोत काय गेले, याचा जरा विचार करू.

मातीतून निघालेली पाने

सन १७८७ मधली गोष्ट आहे. ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणत होते. खणता खणता तांब्याचे पत्रे सापडले. त्यांवर अक्षरे कोरलेली होती. अशा कोरीव पत्र्यांना ताम्रपट म्हणतात. पंडितांनी तो वाचला. तो शके ९३९ मधला, म्हणजे इसवी सन १०१७ मधला निघाला. शिलाहार घराण्यातल्या अरिकेसरी राजाने जमीन दान दिल्याची ती नोंद होती. तीत श्रीस्थानक नगराचे नाव होते. श्रीस्थानक म्हणजेच आपले ठाणे.

पाहा, तो पत्रा म्हणजे तरी काय? दान दिल्याची पावतीच ती! कोणाला जमीन मिळाली, कोणी दिली, केव्हा दिली, एवढेच त्यात लिहायचे होते. पण तीच पावती सुमारे पावणेआठशे वर्षांनी हाती आली आणि ठाण्याचा इतिहास सांगू लागली. लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास नव्हता. तरी इतिहास त्यात उतरला.

आपल्या ट्रंकेतल्या कागदांचेही असेच आहे. भाड्याची पावती, रेशनकार्ड, मनीऑर्डरचे कूपन हे सारे कामापुरते लिहिलेले असते. काम संपले की कागद निरुपयोगी वाटतो. पण पन्नास वर्षे गेली, की तोच कागद बोलू लागतो.

तांबे मातीत टिकले. कागद मात्र मातीत टिकत नाही. तो माणसालाच टिकवावा लागतो.

राजवाड्यांची पायपीट

महाराष्ट्रात हे काम कोणी केले, तेही ऐकण्यासारखे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे नावाचे एक विद्वान होऊन गेले. मराठ्यांचा इतिहास खरा कळायचा, तर मराठ्यांनी स्वतः लिहिलेली पत्रे हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. ती पत्रे कुठे होती? सरदारांच्या वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या दप्तरांत, देवळांत आणि माळ्यांवर होती. वाळवी ती खात होती. काही ठिकाणी कागद रद्दीत चालले होते, काही चुलीत जात होते.

राजवाडे गावोगाव हिंडले. लोकांची दारे ठोठावली. कोणी कागद दिले, कोणी संशयाने दारच लावले. लोकांना वाटे, हा माणूस कागद नेऊन आपले वतन तर बुडवणार नाही ना! तरी त्यांनी नाद सोडला नाही. १८९८ साली त्यांनी पत्रांचा पहिला खंड छापला. त्यात पानिपतच्या लढाईपर्यंतच्या काळातली पत्रे आहेत. अशा खंडांची संख्या पुढे २२ झाली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, त्यातही राजवाडे पुढे होते. १९२६ साली धुळ्याला त्यांचा अंत झाला.

त्या पत्रांत काय सापडले? लढायांच्या बातम्या सापडल्याच. पण दाणागोट्याचा भाव, घोड्यांचे आजार, सैनिकांचे थकलेले पगार, घरच्यांची काळजी, हेही सापडले. राजाच्या बखरीत हे असत नाही. ते साध्या पत्रात असते.

आपल्या ठाण्यातही असे लोक होते. विनायक लक्ष्मण भावे यांनी जुन्या मराठी पोथ्यांचा शोध घेतला आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मोठा ग्रंथ लिहिला. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. मराठी पुस्तके एका जागी जमवावीत, ती लोकांना वाचायला मिळावीत आणि पुढच्यांसाठी राहावीत, हा त्यामागचा विचार. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहूनही जुने. ते १८६४ सालचे आहे. पुस्तके जपण्याची सवय आपल्या भागाला आहे. आता घरातल्या कागदांचीही पाळी आली आहे.

पत्र काय सांगते

एक पोस्टकार्ड हातात घ्या. आधी त्यावरचा पोस्टाचा शिक्का पाहा. त्यात गावाचे नाव आणि तारीख असते. नंतर मजकूर वाचा. “पाऊस झाला नाही, बैल विकला, चालू महिन्यात वीस रुपये जास्त पाठवा,” असे काही लिहिलेले असते. एवढ्या तीन गोष्टींत एका कुटुंबाचे सगळे वर्ष आले. गाव का सोडावे लागले, शहरातला माणूस गावाला कसा जगवत होता, पैशाला किती किंमत होती, हे त्यातून कळते.

पत्र लिहिणाऱ्या हाताकडेही पाहावे. पुष्कळ वेळा पत्र एकाचे आणि अक्षर दुसऱ्याचे असते. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून शेजारच्या मुलाने किंवा गुरुजींनी लिहून दिले. हाही इतिहासच आहे. घरात पहिली सही कोणी केली, पहिले पत्र कोणी लिहिले, हे अशा कागदांवरून सांगता येते.

काही घरांत मोडी अक्षरातले कागद असतात. ते आपल्याला वाचता येत नाहीत, म्हणून ते टाकू नयेत. मोडी वाचणारे लोक थोडे आहेत, पण आहेत. आज मोडीचे वर्गही चालतात.

ठाण्यात बेने इस्राएल समाजाची वस्ती जुनी आहे. त्यांचे शाआर हाशामाईम हे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या वर्षांत या समाजातली अनेक कुटुंबे तिकडे गेली. पण त्यांच्या घरातली बोली मराठीच राहिली. तिकडून इकडे आणि इकडून तिकडे मराठीत लिहिलेले प्रत्येक पत्र म्हणजे दोन देशांचा दुवा आहे. असे पत्र ठाण्याच्या इतिहासाचेच पान म्हणावे.

तार बंद झाली. ती १५ जुलै २०१३ पासून मिळत नाही. पोस्टकार्डही आता क्वचितच कोणी लिहितो. आज आपण फोनवर बोलतो आणि बोलणे हवेत विरते. म्हणून जी पत्रे हाती आहेत, त्यांचे मोल वाढले आहे.

फोटो मुका असतो

फोटोत चेहरे दिसतात, पण नावे दिसत नाहीत. आजीला विचारले तर ती बोट ठेवून सांगते, “ही माझी जाऊ, हा तुझा चुलत आजा, आणि ही मागं उभी आहे ती शेजारीण.” आजी गेली, की फोटो मुका होतो. मग त्याच फोटोकडे पाहून नातवंडे विचारतात, “हे कोण?” आणि कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून फोटोच्या मागे नावे लिहावीत. मऊ शिसपेन्सिलीने लिहावे, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनने लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उठतो आणि शाईही उतरते. कोण कोण आहेत ते डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहावे. ठिकाण लिहावे. साल लिहावे.

फोटोत माणसांच्या मागे काय दिसते, तेही पाहावे. मागे झाडे असतील, नळ असेल, एखाद्या दुकानाची पाटी असेल, गिरणीचे धुराडे असेल. वर्तकनगरला लागून जेकेग्राम येथे रेमंडची लोकरी कापडाची मोठी गिरणी होती. ती आता बंद झाली. पलीकडे वागळे औद्योगिक वसाहत १९६० नंतरच्या वर्षांत उभी राहिली. तिथलेही कितीतरी कारखाने बदलले. भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरून जात, ते दिवस आज फोटोत आणि माणसांच्या आठवणीतच उरले आहेत. पोखरण रस्त्यावरून आपण रोज जातो. ज्या पोखरण तलावाचे पाणी पूर्वी ठाणे शहराला येई, त्याचे नाव त्या रस्त्याला आहे. जागा बदलतात, नावे मागे राहतात. फोटो असला तर जागाही थोडी मागे राहते.

वर्तमानपत्र म्हणजे रोजची नोंद

पहिले मराठी वर्तमानपत्र ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. तिला १४ डबे होते आणि सुमारे ४०० पाहुणे तीत बसले होते. त्यानंतर १३ वर्षांनी, १८६६ साली, ठाण्यातच ‘अरुणोदय’ नावाचे वर्तमानपत्र निघाले. काशिनाथ विष्णू फडके यांनी ते काढले.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव कामगारांनी विसरू नये. त्यांनी मुंबईत ‘दीनबंधु’ हे पत्र चालवले. गिरणीकामगारांची गाऱ्हाणी त्यात छापली. त्या वेळी गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती. सभा झाल्या, अर्ज झाले. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण घरी बसतो, त्यामागे एवढी खटपट आहे. ही खटपट त्या काळच्या छापील कागदांमुळेच आपल्याला कळते.

वर्तमानपत्रात बातमीबरोबर जाहिरात असते, बाजारभाव असतो, नाटक-सिनेमाची वेळ असते. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला बातमीइतकीच जाहिरातही कामाची असते. लोक काय खात, काय विकत घेत, हे तीच सांगते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. छापले म्हणजे सगळे खरे, असे नव्हे. वर्तमानपत्र कोणी चालवले, कोणाच्या पैशाने चालवले, त्यावर बातमीचा रंग ठरतो. म्हणून एकाच गोष्टीबद्दल दोन पत्रांत काय आले, ते ताडून पाहावे.

कात्रण ठेवायचे असेल, तर त्यावर पत्राचे नाव आणि तारीख त्याच दिवशी लिहावी. नाहीतर दहा वर्षांनी कात्रण हातात राहते आणि ते केव्हाचे हे कळत नाही.

ज्यांनी लिहिले नाही, त्यांचे काय?

आता खरा प्रश्न येतो. पत्र लिहायला अक्षर यावे लागते. फोटो काढायला पैसे लागतात. वर्तमानपत्रात नाव यायला ओळख लागते. ज्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा?

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच याचे उदाहरण आहे. तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागात वारली लोक जमीनदारांकडे वेठीने राबत. लग्नासाठी कर्ज काढले, की नवराबायको दोघेही सावकाराचे गडी होत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. वारली तिथे गेले आणि तिथून धीर घेऊन आले. त्याच वर्षी वेठीविरुद्ध त्यांचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे काही साथी मारले गेले.

सरकारी कागदांत सरकारची बाजू मिळेल. जमीनदारांच्या वहीत कर्जाचा आकडा मिळेल. पण वेठ म्हणजे काय असते, हे वारल्यांच्याच तोंडून ऐकावे लागते. गोदावरी परुळेकर त्यांच्यात राहिल्या, त्यांच्याशी बोलल्या. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले. लिहिता न येणाऱ्यांचे बोलणे त्यामुळे पुस्तकात आले. यातला तलासरी-डहाणूचा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला आहे. जिल्ह्याच्या सीमा बदलल्या, पण लोकांची आठवण त्या सीमा पाळत नाही.

दुसरे उदाहरण बायांचे आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत हजारो स्त्रिया होत्या. सभेला त्या जात, सत्याग्रह करत, तुरुंगातही जात. पण पुस्तकांत त्यांची नावे फारशी नव्हती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी अशा वृद्ध स्त्रियांच्या घरी गेल्या. त्यांच्याजवळ बसल्या, विचारले, लिहून घेतले. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. त्या वेळी त्या गेल्या नसत्या, तर पुढे विचारायला कोणी उरले नसते.

तिसरे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि लाखो घरे हादरली. पुढे गिरण्या बंद पडल्या, धुराडी पाडली गेली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांशी बोलून त्यांच्या आठवणींचे पुस्तक केले. कामगार, खानावळवाल्या बाया, शाहीर, पुढारी, सगळ्यांचे बोलणे त्यात आहे.

याला बोललेला इतिहास म्हणतात. तो मिळवायला मोठी विद्या लागत नाही. ऐकायची तयारी लागते.

विचारावे कसे?

समजा, एक नात आपल्या आजीला विचारते आहे. आजी मूळची पाटणकडची. ठाण्यात आली त्याला किती वर्षे झाली, हे तिला आकड्यात सांगता येत नाही.

“आजी, तू ठाण्याला कोणत्या साली आलीस?”

“साल कुठलं ठाऊक बाई? आम्हाला काय शाळा होती?”

“बरं, गावाला तेव्हा काय झालं होतं, ते आठवतंय का?”

“आठवतंय की! कोयनेचा भूकंप झाला. भिंत पडली आमची. मग दुसऱ्या साली तुझ्या आजानं मला इकडं आणलं.”

झाले! कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला. दुसऱ्या साली म्हणजे १९६८ साली आजी आली. साल आजीजवळ होतेच. फक्त ते आकड्यात नव्हते.

अशा खुणेच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला तो १९७२ साली. ठाण्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली, कल्याणची पुढच्या वर्षी १ ऑक्टोबर १९८३ रोजी. या तारखा हाताशी ठेवल्या, की म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला साल लावता येते.

आता समजा, आजी म्हणाली, “आम्ही आलो तेव्हा आजा गिरणीत कायम झाला होता.” आणि ट्रंकेतल्या कागदावर कायम झाल्याची तारीख १९७० सालची आहे. मग आजी खोटे बोलली का? नाही. आजा आधी बदली कामगार होता. घरात पगार येत होता, तेव्हा आजीच्या लेखी तो कायमच होता. कागदाने तारीख दिली, आजीने घरातले चित्र दिले. दोन्ही लिहून ठेवावे. एकासाठी दुसरे खोडू नये.

विचारताना एवढे सांभाळा :

पहिली गोष्ट, आधी परवानगी घ्या. “तुमचं बोलणं मोबाइलवर भरून ठेवू का? पुढं कोणाला ऐकवलं तर चालेल का?” असे सरळ विचारा. नको म्हटले, तर आग्रह करू नका.

दुसरी गोष्ट, सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे बोलून घ्या.

तिसरी गोष्ट, लहान प्रश्न विचारा. “तुमचा इतिहास सांगा,” म्हटले की माणूस गप्प होतो. “पहिला पगार किती मिळाला? पाणी कुठून आणत होता? खोलीचं भाडं किती होतं? बाळंतपण कुठं झालं?” असे विचारले, की बोलणे वाहू लागते.

चौथी गोष्ट, मध्ये तोंड घालू नका. माणूस थांबला तर आपणही थांबा. थोड्या वेळाने तोच पुढे बोलतो.

पाचवी गोष्ट, दुःखाची गोष्ट निघाली आणि माणसाला रडू आले, तर मोबाइल बंद करा, पाणी द्या. इतिहासापेक्षा माणूस मोठा.

जुना कागद हक्कही देतो

कोणी म्हणेल, “हे सगळं शिकलेल्यांसाठी ठीक. आम्हाला याचा काय उपयोग?” उपयोग आहे, आणि तो मोठा आहे.

जातीचा दाखला काढायला गेले, की कचेरीत जुना पुरावा मागतात. आपले कुटुंब ठरावीक तारखेपूर्वी महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५० आहे. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आजोबांचा शाळेचा दाखला त्या वेळी सोन्यासारखा होतो. तो नसला, की नातवाला एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे पडतात. कधी शिक्षणाची सवलत हातची जाते.

मुंबईच्या गिरणीकामगारांना घरे द्यायची ठरली, तेव्हाही असेच झाले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा मागण्यात आला. ज्यांनी तिकीट, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद जपला होता, त्यांना तो दाखवता आला. ज्यांनी टाकला, त्यांना पुरावा शोधत फिरावे लागले.

म्हणजे ट्रंकेतला कागद दोन कामे करतो. घराला हक्क देतो आणि गावाला इतिहास देतो.

जपावे कसे?

आपला प्रदेश दमट. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. कागदाचे शत्रू तीन : ओल, ऊन आणि किडा.

कागद जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नयेत. पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावरही नकोत. कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावेत. धुऊन सुकवलेल्या सुती कापडात बांधावेत. जुन्या कचेऱ्यांत दप्तर असेच कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणतात. पेशव्यांच्या दप्तराचे हजारो रुमाल आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. म्हणजे ही रीत चांगली टिकाऊ आहे.

कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत घालून जवळ ठेवावा. तो कागदाला लागू देऊ नये. दसरा-दिवाळीची साफसफाई निघाली, की रुमाल सोडून पाहावा. वारा लागू द्यावा, पण कडक ऊन दाखवू नये. उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि अक्षरे खातो. टाचणी आणि पिन काढून टाका, त्या गंजतात. जुन्या कागदाला प्लॅस्टिकचे लॅमिनेशनही करू नका. एकदा ते केले, की कागद पुन्हा सुटा होत नाही. रोज दाखवायला झेरॉक्स वापरा, मूळ कागद आत ठेवा.

२६ जुलै २००५ चा पाऊस आठवतो ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे घराघरांत पाणी शिरले. असे कागद भिजले, तर घाईने ओढून सुटे करू नयेत. कोऱ्या शोषक कागदात ठेवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश सुकवावेत. चिकटलेले फोटो नखाने सोडवू नयेत. त्यांचा रंग निघून येतो.

प्रत्येक कागदाचा मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवावा. तो एकाच मोबाइलमध्ये राहू देऊ नये. मुलीकडे एक प्रत, भावाकडे एक प्रत, असे असावे. मोबाइल हरवतो, बिघडतो. म्हणून मूळ कागद फेकायचा नाही.

एकट्याचे काम नव्हे

एका इमारतीत वीस कुटुंबे असतील, तर वीस ट्रंका आहेत. इमारत पाडण्याआधी एका रविवारी सगळ्यांनी आपापले जुने कागद आणि फोटो घेऊन बसावे. इमारतीचा सगळ्यांत जुना फोटो कोणाकडे आहे? पहिला गणपती केव्हा बसला? पहिल्यांदा वीज, पाणी, दूरदर्शन कोणाकडे आले? आपल्या वस्तीला वर्तकनगर हे नाव कसे मिळाले? ज्याला जे ठाऊक, ते त्याने सांगावे. शाळकरी मुलांनी वहीत लिहून घ्यावे. दोघांचे पटले नाही, तर दोघांचेही लिहावे.

एखादा महत्त्वाचा कागद संस्थेला द्यावासा वाटला, तर जवळच्या मोठ्या वाचनालयात चौकशी करावी. मुंबईत सरकारचे पुराभिलेखागार आहे. बायकांच्या आठवणी, फोटो आणि कागद जपणारी ‘स्पॅरो’ ही संस्थाही १९८८ पासून मुंबईत आहे. देताना लेखी पोच घ्यावी. आपल्याजवळ एक प्रत ठेवावी. कागद कोणाला आणि कशासाठी दाखवायचा, हे आधी बोलून ठरवावे. घरातली फार खाजगी गोष्ट असेल, तर ती घरातच ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

ठाण्याच्या इतिहासावर पुस्तके आहेत. डॉक्टर दाऊद दळवी यांचे ‘असे घडले ठाणे’ हे त्यातले एक. वाचनालयातून आणून ते वाचावे. त्यात तलाव, देवळे, किल्ला आणि राजवटी भेटतील. आपल्या इमारतीचे पान मात्र आपल्यालाच लिहायचे आहे. ते दुसरा कोणी लिहून देणार नाही.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. स्वतःचे नाव लिहिता, पाटी वाचता, फॉर्म भरता. मग एक काम आजच करा. घरातल्या एका जुन्या फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीने, त्यातल्या माणसांची नावे लिहा.

शब्दांचे अर्थ

ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख.
दप्तर – जपून ठेवलेले कागदपत्र.
रुमाल – कागद बांधून ठेवण्याचे कापड व त्यातला गठ्ठा.
मोडी – मराठी लिहिण्याची जुनी, भरभर लिहिण्याची लिपी.
पुराभिलेखागार – जुने सरकारी कागद जपण्याची जागा.
वेठ – मोबदला न देता जबरदस्तीने करून घेतलेले काम.

विचारा आणि लिहा

१. तुमच्या घरातला सगळ्यांत जुना कागद कोणता? त्यावर कोणती तारीख आहे?
२. घरातले सगळ्यांत वडील माणूस या गावात केव्हा आले? साल आठवत नसेल, तर कोणती खूण सांगतात?
३. घरात सगळ्यांत आधी लिहायला कोण शिकले?
४. एका फोटोतल्या सगळ्यांची नावे विचारून लिहा. कोणाचे नाव मिळाले नाही, तर ते शेजाऱ्यांना विचारा.